दर मागाहून, आधी माप सांगा!

"वहिनी, फक्त साडेआठशे रुपये फूट! साताऱ्यात यापेक्षा कमी कुणी देत असेल तर मला येऊन सांगा."

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीची गोष्ट. हे निवृत्त झाले, माझी भिशी लागली आणि पस्तीस वर्षं मनात घोळणारं नवं स्वयंपाकघर एकदाचं करायचं ठरलं. जुना कडप्प्याचा ओटा, खाली पडदा लावलेले कप्पे आणि पडद्यामागं माझा सगळा संसार. आता ओढले की बाहेर येणारे खण, वर बंद कपाटं, असं सगळं आखीव हवं होतं.

दुकानदाराचा दर ऐकून मी मनातल्या मनात हिशेब मांडला. ओटा दहा फूट लांब. खालची कपाटं अडीच फूट उंच, म्हणजे २५ चौरस फूट. वरची दोन फूट उंच, म्हणजे २०. एकूण ४५. गुणिले ८५० म्हणजे ३८ हजार २५० रुपये. मी खूश! ह्यांना कोपरानं खुणावलंसुद्धा.

चार दिवसांनी घरी येऊन माप घेऊन गेल्यावर कोटेशन हातात पडलं, १ लाख ५७ हजार २५० रुपयांचं. शिवाय जीएसटी वेगळा.

मला वाटलं, बेरीज चुकली असेल. पण चूक नव्हती. मी फक्त समोरून दिसणारी दारं मोजली होती. त्यांनी प्रत्येक कपाटाचं खोकं उलगडून मोजलं होतं. दोन्ही बाजू, तळ, पाठ, मधली फळी, दार, सगळं मिळून १८५ चौरस फूट. साडेआठशेचा दर खराच होता. फक्त कशाचे फूट, हे मी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

विचारलं का नाही? खरं सांगू, लाज वाटली. चकचकीत दुकान, थंडगार हवा, समोर चहा आलेला. अशा वेळी "कशाचे फूट हो?" असं विचारलं तर आपण अडाणी दिसू, असं वाटलं. मंडईत मेथीच्या जुडीसाठी पाच रुपये कमी करून घेणारी मी, दीड लाखाच्या व्यवहारात तोंडाला कुलूप लावून बसले होते. मैत्रिणींनो, तुमचंही असंच होतं ना?

सांगलीची ताई काय म्हणाली

त्या रात्री मी सांगलीला ताईला फोन केला. ती गावभागात राहते. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "अगं, माझं काय झालं ते विसरलीस का?"

विसरले नव्हते. २०१७ साली तिनं हौसेनं नवं स्वयंपाकघर केलं होतं. लालचुटुक, आरशासारखी चमकणारी दारं. १ लाख १० हजार रुपये मोजले. दारांचा रंग निवडायला तिनं तीन फेऱ्या घातल्या, पण दाराच्या आत काय आहे, हे एकदाही विचारलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई घरात आली. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर ताई घरी परतली, तेव्हा कपाटांची खोकी पावसात भिजलेल्या पावासारखी फुगली होती. हात लावला की भुसा गळत होता. बाहेरचा लाल पापुद्रा तेवढा शाबूत होता.

"पूर आला, त्याला दुकानदार काय करणार? त्याचं मला वाईट वाटत नाही," ताई म्हणाली. "वाईट याचं वाटतं, की सांगलीत राहून, २००५ चा पूर डोळ्यांनी बघूनसुद्धा, पाणी लागलं तर याचं काय होईल, हे मी विचारलं नाही. त्याच्याकडं दुसरं सामानही होतं. मी विचारलं असतं तर त्यानं दाखवलं असतं."

मग आम्ही दोघी बहिणींनी ठरवलं. या खेपेला सगळं विचारायचं, लिहून घ्यायचं आणि मगच पैसे काढायचे. ताईनं पुरानंतर शिकलेलं मला सांगितलं, मी साताऱ्यात फिरून जमवलेलं तिला सांगितलं. तेच आज तुमच्यापुढं ठेवते आहे.

वाटीचं माप हवंच

सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि घराघरांत पोचलं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यातलं वाटी-चमच्याचं माप. "अंदाजानं घाला" म्हटलं की नवशिकीचं काम बिघडतं. किमतीचंही तसंच आहे. माप ठाऊक नसेल तर दर ऐकून काही कळत नाही.

आखीव स्वयंपाकघराचा जन्मच मुळी मापातून झाला. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात मार्गारेटे शुट्टे-लिहोट्झ्की या वास्तुरचनाकार बाईंनी साध्या कुटुंबांच्या घरांसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. बाईची पावलं किती पडतात, हात कुठवर पोचतो, हे मोजून कपाटं आणि खण ठरवले. एकाच मापाची सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं त्या शहरात बसवली गेली, म्हणूनच ती परवडणारी झाली. आपल्याकडं मात्र प्रत्येक घराचं माप निराळं आणि प्रत्येक दुकानाची मोजायची रीतही निराळी. सगळा घोळ तिथंच होतो.

मला साताऱ्यात मोजायच्या तीन रीती आढळल्या.

पहिली, *रनिंग फूट*. म्हणजे ओट्याची नुसती लांबी मोजायची. दहा फुटांचा ओटा म्हणजे दहा फूट. दर मोठा वाटतो, पण त्यात खालची आणि वरची दोन्ही कपाटं धरलेली असू शकतात. आहेत की नाहीत, ते विचारायचं.

दुसरी, *दर्शनी चौरस फूट*. समोरून दिसतं तेवढीच लांबी गुणिले उंची. मी मनात केला होता तो हिशेब.

तिसरी, *उलगडलेले चौरस फूट*. खोक्याची प्रत्येक फळी वेगळी मोजायची. यात दर सगळ्यांत कमी ऐकू येतो आणि बिल मात्र फुगतं.

तिन्ही रीती चालू आहेत आणि एकही लबाडीची नाही. लबाडी असते ती रीत न सांगण्यात. म्हणून दर ऐकला की पहिला प्रश्न हाच करा, "हे फूट कसले? माझ्या ओट्याचे एकूण किती होतील?"

इंग्रजी एल आकाराचा ओटा असेल तर आणखी सावध राहा. ताईचा ओटा एका भिंतीला आठ फूट आणि दुसऱ्या भिंतीला सहा फूट. ग्रॅनाइटवाल्यानं ८ अधिक ६ असे १४ फूट लावले. ताईनं कागदावर चौकोन काढून दाखवला. ओटा दोन फूट रुंद, कोपऱ्याचा चौकोन दोन्ही बाजूंना धरला गेला होता. खरी लांबी १२ फूट! "राहू दे काकू, बाराच धरतो," असं म्हणून त्यानं लगेच कमी केलं. न विचारता मात्र कुणी कमी करत नाही.

ग्रॅनाइटचा दर ऐकताना कडेची गोलाई, सिंकसाठी भोक पाडणं आणि भिंतीलगतची पट्टी दरात धरली आहे का, हेही विचारून घ्या. या तिन्हींचे पैसे बहुधा वेगळे लावतात. काळा ग्रॅनाइट कधी कधी रंग चढवून अधिक काळा केलेला असतो. कापसाला थोडं थिनर लावून दगड पुसून बघा. कापूस काळा झाला तर तो दगड घेऊ नका.

दाराच्या आत काय?

आता मुख्य गोष्ट. कपाटाच्या किमतीत खरा फरक पडतो तो आतल्या फळीनं. बाहेरून सगळी दारं सारखीच देखणी दिसतात.

*पार्टिकल बोर्ड* म्हणजे लाकडाचे बारीक कण डिंकात दाबून केलेली फळी. सर्वांत स्वस्त. कोरड्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटाला ठीक, पण मोरीशेजारी, सिंकखाली ती नको. *एमडीएफ* लाकडाच्या तंतूंची असते. दिसायला गुळगुळीत, पण साध्या एमडीएफलाही पाण्याचं वावडं. हल्ली *एचडीएचएमआर* नावाची दाट फळी मिळते. ती दमटपणा बराच सोसते, पण पाण्यात बुडवून ठेवायची वस्तू तीही नव्हे.

*प्लायवूड* म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले. यातही प्रती आहेत. फळीवर आयएसआयचा छाप आणि आकडा बघा. ३०३ हा सर्वसाधारण वापराच्या प्लायचा क्रमांक. ७१० हा मरीन प्लायचा. मरीन प्लायचा तुकडा उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवला तरी त्याचे थर सुटू नयेत, अशी त्या प्रमाणाची अट आहे. दुकानदार "वॉटरप्रूफ" म्हणाला तर मान डोलावू नका. "३०३ की ७१०?" एवढंच विचारा. समोरचा माणूस लगेच नीट बसून बोलायला लागतो, हा माझा अनुभव.

जाडीही बघा. दाराला १८ मिलिमीटर आणि आतल्या फळीला १२, असा प्रकार होतो. पिठाचे, डाळींचे डबे ठेवले की पातळ फळी वर्षभरात झोळीसारखी वाकते.

आणि एक घरगुती परीक्षा सांगते. ज्या फळीची कपाटं होणार, तिचा हातभर नव्हे, बोटभर तुकडा मागून आणा. जुन्या पातेल्यात पाणी घालून दोन-तीन तास उकळा आणि रात्रभर त्याच पाण्यात राहू द्या. मी तीन दुकानांतले तीन तुकडे उकळले. हे म्हणाले, "आज जेवायला काय, फळीची आमटी?" सकाळी एक तुकडा लापशी होऊन तळाला बसला होता, दुसऱ्याचे कोपरे सुटले होते आणि तिसरा जसाच्या तसा. एवढ्यानं फळी ७१० ठरत नाही, पण पहिला तुकडा ज्या दुकानातला होता, तिथं मला खूप काही न बोलता प्रश्न विचारता आले.

स्टील आणि लोहचुंबक

आपल्या भागात पुष्कळ जणी लाकडी खोकं न करता कडप्प्याच्या कप्प्यांत स्टीलच्या ट्रॉल्या बसवतात. भक्कम काम. पण स्टीलही दोन जातींचं येतं. ३०४ या जातीत निकेल जास्त, सुमारे ८ टक्के. ते महाग पण टिकाऊ. २०२ या जातीत निकेल कमी आणि मँगनीज जास्त. ते स्वस्त, पण सिंकखाली, ओलाव्यात आणि मिठाच्या बरणीशेजारी त्यावर डाग लवकर पडतात.

"लोहचुंबक लावून बघा वहिनी, चिकटत नाही, म्हणजे अस्सल ३०४!" असं मला दोन ठिकाणी सांगितलं. ही परीक्षा अपुरी आहे. लोहचुंबक २०२ लाही सहसा चिकटत नाही. चिकटला तर माल हलका समजा, पण चिकटला नाही म्हणून ३०४ समजू नका. स्टीलच्या व्यापाऱ्यांकडं एक तपासायचं द्रव्य असतं. त्याचा थेंब टाकून छोटी बॅटरी लावली की मँगनीजवालं स्टील लाल रंग दाखवतं. ती परीक्षा समोर करून दाखवा म्हणा. नाहीच जमलं तर बिलावर '३०४' लिहून घ्या. ज्याचा माल खरा, तो लिहून द्यायला कां-कूं करत नाही.

ट्रॉली ज्यावर सरकते ते चॅनेल किती वजन पेलतं, तेही विचारा. साधारण ३५ ते ४५ किलो पेलणारी चॅनेल मिळतात. कुकर, कढया, खलबत्ता यांच्या खणाला चांगली चॅनेल घ्या. चमच्यांच्या खणाला साधी पुरतात. हळू मिटणाऱ्या बिजागऱ्या आणि चॅनेल छान असतात, पण सगळीकडं हव्यातच असं नाही. मी रोजच्या चार जागी त्या घेतल्या, बाकी ठिकाणी साध्या. तिथंच बरेच पैसे वाचले.

सुतारमामांचा हिशेब

इतकं कळलं तरी प्रश्न उरलाच. दीड लाख वाजवी की दोन लाख? मी आमच्या जुन्या सुतारमामांना चहाला बोलावलं. त्यांना आता वयामुळं काम होत नाही, पण हिशेब तोंडपाठ. आमच्या दहा फुटांच्या ओट्यासाठी त्यांनी आठ बाय चारच्या फळ्या धरून असा कागद केला. हे दर आम्हांला त्या वेळी मिळालेले आहेत. तुमच्या गावात, तुमच्या वेळी निराळे असतील. रीत तेवढी घ्या.

जाड मरीन प्लायच्या ६ फळ्या, म्हणजे १९२ चौरस फूट, दर १२५ रुपये: २४,००० रुपये.
पाठीला पातळ प्लायच्या २ फळ्या, ६४ चौरस फूट, दर ६० रुपये: ३,८४० रुपये.
बाहेरचं सनमायका २ शीट: ३,६०० रुपये.
आतलं साधं सनमायका ८ शीट: ७,२०० रुपये.
ट्रॉल्या, चॅनेल, बिजागऱ्या, मुठी: ४२,००० रुपये.
डिंक, कडेची पट्टी, स्क्रू वगैरे: ६,००० रुपये.
मजुरी: ४५,००० रुपये.
एकूण: १,३१,६४० रुपये.

"आता यावर दुकानाचं भाडं, लाइटबिल, टेम्पो, वाया गेलेलं सामान आणि त्याचा नफा धरा," मामा म्हणाले. "पंचवीस-तीस हजार तो घेणारच वैनी. त्यालाबी पोरंबाळं हैत. मग सरकारचा टॅक्स. त्याच्यावर मागत आसंल तर विचारा, कशाचे? आन् त्याच्या खाली देत आसंल तर लई जपून. सामानात कुठंतरी हात आखडलेला आसतोय."

मला हे फार पटलं. वाजवी किंमत म्हणजे सर्वांत कमी किंमत नव्हे. माल चांगला मिळावा, कारागिराचं पोट भरावं आणि आपण फसलो असं वाटू नये, एवढी ती असली म्हणजे झालं.

तीन दुकानं, एक कागद

नंतर मी एक काम केलं आणि मला वाटतं, सगळ्यांत उपयोगी तेच ठरलं. वहीच्या एका पानावर माझ्या ओट्याचं चित्र काढलं, मापं घातली आणि खाली यादी लिहिली. फळी कुठली, जाडी किती, किती खण, किती दारं, कुठली चॅनेल. त्याच्या तीन प्रती काढून तिन्ही दुकानांत दिल्या. म्हटलं, "याचाच दर द्या. तुमच्या पद्धतीनं नको, सगळं धरून एक आकडा द्या."

आधी काय आकडे होते बघा. पहिल्यानं रनिंग फुटाला १४,५०० सांगितले होते, म्हणजे दहा फुटांचे १ लाख ४५ हजार. पण ट्रॉल्या-चॅनेलचे ४२ हजार वेगळे. त्यावर १८ टक्के जीएसटी ३३,६६०. गोळाबेरीज २ लाख २० हजार ६६०. दुसऱ्याचे ते साडेआठशेवाले १ लाख ५७ हजार २५०, जीएसटी धरून १ लाख ८५ हजार ५५५, पण फळी ३०३ ची. तिसऱ्याचे सगळं धरून १ लाख ४८ हजार. ऐकायला सगळ्यांत गोड! पण आत पार्टिकल बोर्ड. तोच लापशी झालेला तुकडा.

माझ्या कागदावर मात्र तिघांचे आकडे आले २ लाख ४ हजार, १ लाख ९७ हजार आणि १ लाख ९१ हजार. सगळं धरून, टॅक्ससकट. महिनाभर जमीन-अस्मानाचं वाटणारं अंतर तेरा हजारांवर आलं! १ लाख ९१ हजारांतून टॅक्स वजा केला तर राहतात सुमारे १ लाख ६२ हजार. मामांच्या हिशेबाच्या वर तीस हजार. मामांचा अंदाज बरोबर निघाला. मी काम तिसऱ्याला दिलं, पण मरीन प्लायमध्ये.

बिल, आगाऊ रक्कम आणि गॅरंटी

"बिल नको असेल तर जीएसटी वाचेल वहिनी, तीस हजार सुटतील." हे वाक्य तुम्हांला ऐकायला मिळेलच. माझंही मन क्षणभर डळमळलं, खोटं कशाला बोलू! पण बिल नाही म्हणजे व्यवहाराचा पुरावाच नाही. उद्या दार निखळलं, फळी फुगली, तर कुठल्या तोंडानं भांडणार? तीस हजार वाचवायला जाऊन दीड लाख उघड्यावर टाकायचे का?

सगळी रक्कम आधी देऊ नका. आम्ही माप नक्की झाल्यावर थोडे, फळ्या घरी आल्यावर छाप बघून थोडे, बसवून झाल्यावर थोडे आणि शेवटचे दहा टक्के महिन्यानं, असं ठरवून कागदावर लिहिलं. महिनाभर वापरल्यावरच कळतं, कुठलं दार अडतं नि कुठला खण घासतो. "दहा वर्षं गॅरंटी" म्हणाले तर कशाची, ते विचारा. पुष्कळदा ती फक्त फळीची असते, बिजागऱ्यांची आणि चॅनेलची नसते. आणि "चिमणी फुकट", "सिंक फुकट" याला भुलू नका. "चिमणी नको, तेवढे पैसे कमी करा" म्हणा. किती कमी करतात, त्यावरून फुकटचं मोल कळतं.

आपल्या आधीच्या बायकांनी हे आपल्यासाठी कमावून ठेवलं आहे, बरं का. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो गृहिणी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात आपल्या सोयीच्या चार गोष्टी आहेत. दुकान पुण्याला असलं तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं करता येते. साताऱ्याला आणि सांगलीला असे आयोग आहेत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. आणि तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे. आधी नुसता सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पण या सगळ्याला आधार एकच, हातातलं बिल आणि लिहून घेतलेला कागद.

ताईचं स्वयंपाकघर

आता ताईचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. २०२० च्या संक्रांतीला तिनं स्वयंपाकघर पुन्हा उभं केलं. या वेळी लाकूड अजिबात नाही. कडप्प्याचे कप्पे, त्यांत ३०४ स्टीलच्या उचलून काढता येणाऱ्या ट्रॉल्या आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं. खर्च ५२ हजार. शेजारणी म्हणाल्या, "एवढं साधं कसं काय केलंत?" ताई काही बोलली नाही.

२०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी पुन्हा चढलं, आयर्विनला ५० फुटांच्या वर. इशारा आल्याबरोबर ताईनं आणि तिच्या सुनेनं तासाभरात सगळ्या ट्रॉल्या भांड्यांसकट उचलून माडीवर नेल्या. पाणी आलं, राहिलं, गेलं. परत आल्यावर दोघींनी कडप्पा घासून धुतला. चॅनेलमध्ये गाळ बसला होता, तेवढी नवी घातली. पंधरा दिवसांत त्याच ओट्यावर चहा उकळला.

मी भेटायला गेले, तेव्हा तिनं मला तो ओटा हात फिरवून दाखवला. म्हणाली, "१ लाख १० हजारांचं महाग पडलं आणि ५२ हजारांचं स्वस्त, असं नाही गं. माझ्या घराला काय लागतं, ते मी दुसऱ्या खेपेला विचारलं, एवढंच."

साताऱ्याला पुराची भीती नाही, म्हणून माझं घर निराळं, माझी निवड निराळी. तुमची आणखी निराळी असेल. पण दुकानात शिरताना चहाचा कप हातात घेण्याआधी वही बाहेर काढा. विचारायला लाजू नका. त्या ओट्यापुढं पुढची वीस वर्षं उभं राहायचंय ते आपल्यालाच!

कोटेशनवर एवढं लिहून घ्या

• मोजायची रीत कोणती आणि एकूण फूट किती. एल आकारात कोपरा एकदाच धरलेला आहे ना?
• फळीचा प्रकार, आयएस क्रमांक, दाराची आणि आतल्या फळीची जाडी.
• स्टीलची जात, ट्रॉल्यांची संख्या आणि प्रत्येकीचं माप.
• चॅनेल आणि बिजागऱ्यांची कंपनी, साध्या किती, हळू मिटणाऱ्या किती.
• ग्रॅनाइट, कडेची गोलाई, सिंकचं भोक, नळजोड, वाहतूक, जुना ओटा काढणं: काय धरलं, काय नाही.
• जीएसटीसकट एकच आकडा.
• पैसे कधी आणि किती द्यायचे. शेवटचे दहा टक्के महिन्यानं.
• काम पुरं करण्याची तारीख.
• गॅरंटी कशाची आणि किती वर्षं, दुकानाच्या सही-शिक्क्यानिशी.